ताईची मोरपंखी बंडी

फोन आला तेव्हा मी उसवत होतो. भाची शैला म्हणाली, "मामा, आई गेली." मी उठलो आणि दोन जिने उतरून त्यांच्या घरी गेलो. पायात अडकलेली मोरपंखी लोकर माझ्यामागे जिन्यावरून खाली आली होती, हे नंतर शेजाऱ्यांनी सांगितले. गुंडाळूनही त्यांनीच दिली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

सुमनताई माझी थोरली बहीण. मुलुंडच्या आमच्या इमारतीत जन्मलेल्या बहुतेक बाळांच्या डोक्यावर तिने विणलेली कुंची होती. पुढे तिचे डायलिसिस सुरू झाले आणि डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाल्यापासून तिचे विणणे थांबले. केंद्रात एसी कडक. रक्त यंत्रातून फिरून अंगात परत येते तेव्हा माणूस आतून गारठतो. यंत्राच्या नळ्यांसाठी हात मोकळा ठेवावा लागत असल्याने स्वेटर चालत नसे. एका दुपारी तिने सुया माझ्यापुढे ठेवल्या. "वसंता, मला एक बिनबाह्यांची बंडी विणून दे. पुढून उघडी."

"विकत आणू."

"विकतची टोचते. आणि तू नुसता पेपर तर वाचतोस!"

मी कारखान्यात तयार भाग तपासत असे. सुताएवढा फरक आढळला तरी माल परत जाई. त्या शिस्तीने मी सुया धरल्या. ती ओरडली, "पाना नाही रे तो! सैल धर." टाके घालणे, सुलटा टाका, उलटा टाका, खाकेपाशी टाके कमी करणे, हे सारे तिने खुर्चीत बसून, तोंडाने शिकवले. माझी ओळ पाहून म्हणायची, "टाका तुझ्यासारखाच. आवळलेला." पुढचे दोन्ही भाग मी एकाच बाजूचे विणले, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "दोन्ही डावे! मग उजवीकडून वारा खाऊ की काय?" मी एक भाग उसवून पुन्हा विणला. ते आवश्यकच होते. त्यानंतरचे उसवणे आवश्यक नव्हते. कुठे कड ओढलेली दिसे, कुठे टाका सुटलेला. मी मागे जाई. बंडी वाढे, पुन्हा आखूड होई... आणि केंद्राच्या काचेपलीकडे ताई खांद्यांवर टॉवेल घेऊन पडलेली दिसे. मी बाहेरच्या बाकावर बसून विणत असे.

शेवटच्या रविवारी बंडी जवळजवळ पुरी झाली होती. तिन्ही भाग जोडले होते, केवळ गळ्याची पट्टी सुईवर होती. ताईने ती सुईसकट अंगात घातली. सुई टोचू नये म्हणून मान ताठ ठेवून ती चहा प्यायली. "गरम आहे रे," म्हणाली. मी मागे उभा होतो. मानेखाली, पाठीवर, एक टाका उलटा पडलेला मला दिसला.

"काढ. चुकलंय."

"कुठं?"

"पाठीवर."

"माझ्या केसांखाली कोणाला दिसणार? राहू दे. उद्या घालून जाते."

"चुकलेला माल मी कधी पुढे पाठवला नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. मग एकेक हात बाहेर काढला. डावा हात काढताना तिला त्रास झाला. मी बंडी घेऊन वर आलो. सोमवारी ती टॉवेल घेऊनच गेली. मंगळवारी सकाळी शैलाचा फोन आला.

बंडीने ती वाचली नसती, हे मला कळते. डॉक्टरांनीही तेच सांगितले. पण त्या सोमवारी तिला ऊब मिळाली असती. मी तिच्या अंगावरची ऊब काढून घेतली. याहून अधिक मला लिहिता येत नाही.

उसवलेल्या लोकरीला वळणे राहतात. ती धुऊन, ओझे बांधून टांगावी म्हणजे सरळ होते, हे ताईनेच शिकवले होते. मी धुतली नाही. तशीच विणली. गळ्याची पट्टी पुरी केली, बटणे लावली. मानेखाली, जवळजवळ त्याच जागी, एक टाका पुन्हा उलटा पडला. या वेळी मी थांबलो नाही.

शैलाने आईची खुर्ची खिडकीपाशी तशीच ठेवली आहे. बंडी खुर्चीच्या पाठीला घातलेली असते. दुपारी मी खाली जातो, समोर बसतो. झाकायला आता केस नाहीत. टाका दारातूनच दिसतो.