वस्फिया मावशीची भट्टी आणि समिती

अठ्ठेचाळीसचं युद्ध थांबलं आणि मोठ्या माणसांनी नकाशावर रेघ ओढली. आमच्या खिर्बत अल-लोज गावात ती नेमकी वस्फिया मावशीच्या भट्टीवरून गेली. घर जॉर्डनकडे, भट्टीचं तोंड इस्रायलकडे! माझी ही मावशी विधवा, जिभेची तिखट. अर्ध्या गावाच्या रोट्या तिच्याच भट्टीत भाजल्या जायच्या. आत तापलेले खडे, वरून शेणी आणि ऑलिव्हचा चोथा. भट्टी विझू द्यायची नाही, हा आमच्या बायकांचा धर्मच.

पलीकडच्या इस्रायलींनी तक्रार केली, रोटीच्या निमित्ताने तिथे हेर जमतात, भट्टी पाडा. मग शस्त्रसंधी समिती पाहणीला आली. दोन्हीकडचे अधिकारी आणि मधे संयुक्त राष्ट्रांचा गोरा अध्यक्ष. उन्हात नकाशा पसरून त्यांची जुंपली. मावशीने गरम रोट्या, तेल, झातरची सुकी चटणी आणि मीठ पुढ्यात आणून ठेवलं.

"आधी खा, मग भांडा. उपाशीपोटी अक्कल चालत नाही."

अध्यक्षाने खाल्लं. आमच्या, म्हणजे जॉर्डनच्या, मेजरने तर रोट्यांवर रोट्या हाणल्या. पलीकडचा कप्तान मूळचा बगदादचा ज्यू, आमच्यासारखंच अरबी बोलणारा. त्याने मात्र हात मागे घेतला.

"का रे, विष घातलंय का मी?"

"नाही मावशी. तुमची रोटी, तुमचं मीठ खाल्लं, तर तुमच्याविरुद्ध तोंड उघडता येणार नाही. आणि मला तर तेच करायचंय."

मावशीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "मेल्या, वैरी आहेस खरा, पण आईने नीट वाढवलंय तुला."

पुढच्या बैठकीत ठराव झाला. भट्टी पाडायची, त्या बदल्यात रेघेपलीकडे गेलेल्या विहिरीची वाट आमच्या बाजूला मोकळी. सगळ्यांत आधी हात वर केला तो आमच्याच मेजरने! ऐकून माझं डोकं फिरलं. मावशी दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी पीठ मळत बसली.

मेजर शिपाई घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, बाजूला व्हा. समितीचा ठराव आहे."

"पाड की. पण आधी माझ्या रोट्या ओकून टाक."

शिपायांनी माना खाली घातल्या. सगळे याच भट्टीवर जेवलेले, एकही जण कुदळ उचलेना. मेजरचे कान लाल झाले. शेवटी त्यानेच कुदळ घेतली आणि मातीचा घुमट फोडला. आतले निखारे अंगणभर पसरले.

मावशी रडली नाही. "पोरी, माती आण. भुसा पण आण," एवढंच मला म्हणाली आणि मेजर गाडीत बसायच्या आत तिने त्याच जागी चिखल तुडवायला घेतला.

"अहो, हे काय चालवलंय? समितीला काय सांगू मी?"

आमच्याकडे दारी आलेल्याला, मग तो कुणीही असो, उपाशी पाठवत नाहीत. मावशीने मान वरसुद्धा केली नाही.

"सांग त्यांना, पुढच्या पाहणीला येताना घरून जेवून या म्हणावं."