बन्सीची फियाट आणि शेठचं गिऱ्हाईक

शेंद्र्याचा बन्सी तसा लई चिकित्सक माणूस. गवार घेताना शेंग मोडून बघणार, माठ घेताना टिचकी मारणार. असल्या माणसानं आपली गाडी मात्र एका परक्याच्या हवाली केली. का? तर त्यानं ‘बसा काका’ म्हणून वेलचीचा चहा पाजला.

गाडी म्हणजे पांढरी फियाट. कंपनीत नोकरी लागल्यावर बन्सीनं ती जुनीच घेतली होती. लेक राजनंदिनी तिच्यातच वाढली अन् तिच्यावरच गाडी शिकली. शिकताना रिव्हर्स घेतली ती नेमकी बांधावरच्या बाभळीवर. तेव्हापासून मागचं डावं दार आतून गुडघ्याचा दणका दिल्याशिवाय उघडायचं नाही. सासरी जाईन तर याच गाडीत, असं पोरगी लहानपणापासून सांगायची, अन् बन्सी मान डोलवायचा. मान डोलवायला काय जातंय!

लग्न ठरलं. मंगल कार्यालयाचं भाडं ऐकून बन्सीला घाम फुटला, अन् त्यानं फियाट विकायला काढली. राजनंदिनी भरल्या ताटावरून उठली. बन्सीला ते फार लागलं, पण बोलून दाखवेल तर तो बन्सी कसला.

क्रांती चौकाच्या पुढं सुदर्शनशेठचं जुन्या गाड्यांचं दुकान. मोठा रसिक माणूस! तुम्ही गाडी विकायला न्या, ती भंगार असते. तुम्हीच घ्यायला जा, तीच गाडी नवाबाच्या जावयाची निघते. एवढे जावई खरंच असते तर नवाब मानपानातच धुऊन निघाला असता. शेठ म्हणाला, गाडी इथंच राहू द्या, गिऱ्हाईक आलं की कळवतो. अन् कागद? आपल्यात कसला कागद काका, विश्वास मोठा.

शेजारच्या फारूखनं बजावलं होतं, “लिखा के लेव बन्सीभाई.” पण ज्याचा चहा प्यायला त्याच्याकडं कागद मागायचा, म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणल्यासारखं. बन्सीला भीड पडली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?

दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोन केला की शेठचं एकच, गिऱ्हाईक आलं की कळवतो. शेवटी बायकोच्या पाटल्या मोडून कार्यालय ठरवलं.

नवरदेव कृष्णा वेरूळचा, भारी हौशी. पाठवणीला त्यानं खास जुनी गाडी भाड्यानं आणली. मरून रंग, टपावर झेंडूचा ढीग, पुढं ‘नवाबी सवारी’ अशी पाटी. राजनंदिनी रडत रडत मागं बसली. तेवढ्यात ओटीची पिशवी राहिली म्हणून उतरायला गेली, तर डावं दार उघडेना. ड्रायव्हर बाहेरून ओढतोय, नवरदेव ओढतोय. पोरीचं रडणं एकदम थांबलं. तिनं शालू सावरला अन् आतून गुडघ्याचा एक दणका दिला.

दार उघडलं. शेठनं रंग बदलला होता, दार कशाला दुरुस्त करतोय! बन्सी जागच्या जागी उभा राहिला. म्हणजे त्याचं भंगार इतके दिवस गावभरच्या पोरी सासरी पोचवत होतं. गिऱ्हाईकं तर रोज येत होती, कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

“बाबा, ही आपली हाय,” राजनंदिनी म्हणाली. तिनं ड्रायव्हरला उतरवलं अन् स्वतः स्टिअरिंगवर बसली. नवरदेव मुकाट्यानं शेजारी. कार्यालयाच्या फाटकात उभा राहून बन्सी पोरासारखा रडला, अन् रडता रडता हसलाही.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनशेठ शेंद्र्याला हजर. गाडी द्या, नाहीतर पोलिसात जातो म्हणाला. बन्सीनं खुशाल जा म्हणून सांगितलं. गाडीचं पुस्तक आजही बन्सीच्याच नावावर, अन् गाडी शेठकडं होती असा कागद शेठनंच होऊ दिला नव्हता. शेठचा आवाज खाली आला. मग माझ्या रंगाचं काय, माझ्या पुढच्या लग्नांचं काय, असं गयावया करायला लागला.

बन्सीनं त्याच्यापुढं वेलचीचा चहा ठेवला.

“बसा शेठ. गिऱ्हाईक आलं की कळवतो.”