नानांचा कॉलम

“मग हा कॉलम काढला तर अंदाज बिघडेल का?” मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

“नाही सर. उलट मॉडेल सुटसुटीत होईल.”

हे मीच म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

सावद्याजवळच्या एका केळी पॅकहाउसचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. परदेशी जाणारी केळी जहाजातून उतरेपर्यंत हिरवी राहावी लागतात. काही कंटेनरमध्ये ती वाटेतच पिकायची. कोणत्या खेपेला हा धोका जास्त, ते आधी सांगणारं रिग्रेशन मॉडेल मी बनवत होते. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवर बाकीच्या गोष्टींचा किती परिणाम होतो, ते आकड्यांतून काढणं. घडांचं वय, कापणीच्या दिवसाचं तापमान, शेतापासूनचं अंतर असे बरेच कॉलम होते. त्यातच नानांची ग्रेड होती.

नाना तिथले तपासनीस. मूळचे शिरपूरकडचे, साठीला आलेले. प्रत्येक खेपेतली चार-पाच केळी आडवी कापून आतला रंग बघायचे आणि एक ते पाच ग्रेड द्यायचे; पाच म्हणजे सगळ्यात चांगला माल.

मी सगळे कॉलम सॉफ्टवेअरला दिले. प्रत्येकासमोर पी-व्हॅल्यू येते. ती मोठी असेल तर या डेटात त्या कॉलमचा परिणाम ठामपणे दिसत नाही, एवढाच अर्थ. ज्याची सगळ्यात मोठी असेल तो कॉलम काढायचा, मॉडेल पुन्हा चालवायचं. तिसऱ्या फेरीत नानांची ग्रेड गेली.

“म्हणजे त्यांच्या तपासणीचा उपयोग नाही?” साहेब म्हणाले.

“मॉडेलच्या दृष्टीनं नाही.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी नाना टेबलापाशी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“ताई, मी बाहेर काढेल माल तुमना कागदवर शे का?”

“नाना, तुमच्या कामाबद्दल काही नाही हो. हे नुसतं गणित आहे.”

मला घाई होती. पिंप्राळ्याला घरी पाहुणे यायचे होते. ते काय विचारताहेत, हे मी नीट ऐकलंसुद्धा नाही. महिनाअखेर त्यांना घरी बसवलं आणि खेपा तपासणीशिवाय भरल्या जाऊ लागल्या.

मग पिवळ्या केळ्यांचे फोटो यायला लागले. आधी एका कंटेनरचे, मग लागोपाठ. साहेबांचा फोन आला, “मॅडम, तुमचं मॉडेल काय करतंय?”

मी जुनी फाइल उघडली. ग्रेडच्या कॉलममध्ये तीन, चार, पाच एवढेच आकडे होते. एक आणि दोन कुठेच नव्हते. मॉडेल करतानाही मला ते दिसलं होतं. वाटलं होतं, माल चांगला येत असेल.

पॅकहाउसला जाऊन सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, “एक-दोनवाल्या खेपा नाना गेटवरूनच लोकल मार्केटला पाठवायचे. त्यांची एंट्री कशाला करायची?”

म्हणजे नानांनी बाहेर काढलेल्या खराब खेपा डेटात आल्याच नव्हत्या. त्या दिवशी टेबलापाशी नाना हेच विचारत होते. नानांनी पास केलेल्या मालात नानांचा परिणाम शोधत होते मी.

साहेबांना सगळं लेखी कळवलं, चूक माझी हेही लिहिलं. त्यांनी नानांना परत बोलावलं. ते आले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. ते दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे काट्यावर बसत होते. वजन लिहायचं, बाकी काही नाही. मी माफी मागितली. तपासणीचं काम परत घ्या म्हणाले.

“आते नको, ताई. एकदा कोणी सांगं का तुना काममा दम नही, मंग हात थरथरस,” नाना म्हणाले. मग आत वळून चहा टाकायला सांगितलं.

चहा चांगला होता. मला तो संपवता आला नाही.

पॅकहाउसनं नंतर दोन नवे तपासनीस ठेवले. आता बाद मालाचीही एंट्री होते. मीही प्रत्येक रिपोर्टला एक पान जोडते: कोणता डेटा माझ्यापर्यंत आला नाही. ते पान फारसं कोणी वाचत नाही. पण ते लिहायचं तर आधी खुर्चीतून उठून गेटपर्यंत जावं लागतं. पी-व्हॅल्यू बघण्याआधी मी तिथे विचारून घेते, कोणता माल बाहेर गेला.