रंग येगळा, दवा येगळी

आमच्या चाकूरच्या अप्पांना कोणाचं दुखणं म्हणून सहन व्हायचं नाही. समोरचा नुसता कपाळाला हात लावून उभा राहिला, तरी त्यांची कात्री गोळ्यांच्या पाकिटावर चालायची. तसे ते किराणा दुकानदार. कपाळावर ठसठशीत विभूती, एका बरणीत गूळ, शेजारच्या बरणीत ताप-अंगदुखीच्या गोळ्या. "दवाखान्यात कशाला जातूस? डाक्टर बी हेच देतंय, वर सुई टोचतंय."

आठवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला ते मोठेच वैद्य वाटायचे. त्यांचा सिद्धांत एकच : "रंग येगळा, दवा येगळी." पांढऱ्या गोळीनं गुण नाही आला, तर पिवळी, पिवळीनंही नाही, तर नारंगी औषध. माणूस बरा झाला की श्रेय अप्पांचं. नाही झाला, तर "त्यानं पथ्यच पाळलं न्हाई."

माझी चार वर्षांची लेक तापली, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध चालू होतंच. माझ्या आईनं वरून अप्पांची पांढरी गोळी गुळात चुरून चारायला सुरुवात केली. सर्दी दिसली म्हणून अप्पांनी नारंगी बाटली पाठवली. ताप उतरला. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचं कौतुक सांगत सुटले. तोवर पोर ओकायला लागली, मग निपचित पडली. डोळे पिवळे दिसले तशी आम्ही जीप करून लातूर गाठलं. सोबत अप्पा होतेच, सल्ला द्यायला.

"काय काय दिलं हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बोलणी खावी लागतील म्हणून आईनं गुलाबी बाटली तेवढी पुढं केली. तेवढ्यात अप्पांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट आणि तसलीच नारंगी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे बी दिलंय. म्याच."

बाईंनी तिन्ही वाचून पाहिली. "आजोबा, तिन्हींत औषध एकच आहे. तिप्पट गेलंय. लिव्हरवर आलंय."

लगेच सलाईनमधून उतारा सुरू झाला. पोर घरी येईपर्यंत अप्पा वॉर्डाबाहेर बसून होते. कोणालाही सल्ला न देता.

परत आल्यावर त्यांनी बरणी रिकामी केली. येईल त्याला सांगायचे, "लेकराला मनानं गोळी देऊ नका." पण गाव शहाणं. "अप्पांचा माल खराब निघाला," म्हणत लोक समोरच्या दुकानातून त्याच गोळ्या नेऊ लागले.

पुढं मी पोटासाठी सुरतेला आलो. इथं लेकीचं अंग जरा कोमट लागलं, तरी मी आधी तिचे डोळे बघतो. अप्पा गेल्याचं फोनवर कळलं. पोर मरणाच्या दारात गेली ती अप्पांमुळं, हे गाव अजून सांगतं. ती परत आली तीही त्यांच्यामुळंच, हे सांगायला मीच उरलोय.