बरोबर उत्तरावर संशय घेणाऱ्या केतकर बाई

उत्तर चुकलं तर केतकर बाई शांतपणे समजावून सांगत. बरोबर आलं की मात्र चष्म्यावरून रोखून बघत आणि म्हणत, "बरोबर आहे, म्हणजे काहीतरी गडबड आहे. बाकीचे तीन पर्याय का चूक, ते सांग."

ग्वाल्हेरला माधवगंजात, स्वतःच्या घराच्या वरच्या खोलीत त्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी फिजिक्स शिकवायच्या. त्यांचा कशावरच विश्वास नसे. गाईडमधल्या उत्तरांवर नाही, विजेच्या मीटरवर नाही, आणि आमच्या "समजलं" या शब्दावर तर मुळीच नाही. "समजलं की रटलं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. चाचणीत शेजारी बसणाऱ्यांना त्या प्रश्न तेच द्यायच्या, पर्यायांचा क्रम मात्र बदललेला असायचा.

जयेंद्रगंजातली मेघा जाधव माझ्या शेजारी बसायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेतले लोक. जाधवकाकांनी मात्र मुलीला डॉक्टर करायचं पक्कं केलं होतं. मेघाचे मार्क जेमतेम असायचे, ते दिवाळीनंतर एकदम वाढले. काकांनी पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला, बाजूला ठेवला आणि क्लास सुटल्यावर मेघाला थांबवून घेतलं. आम्ही सोबतच घरी जात असू, म्हणून मीही थांबले.

"लिफ्ट वेग घेत खाली निघाली, तर वजन कसं भासेल?"

"कमी," मेघा लगेच म्हणाली.

"आणि वेग घेत वर निघाली तर?"

"कमी."

बाईंनी पुस्तक मिटलं. "प्रश्नाकडे तुझं लक्षच नाही. एवढा रट्टा मारायला डोकं लागतं, बेटा. मग तेच डोकं समजून घ्यायला का नाही लावत?"

मेघा म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंच नाहीये, बाई. बाबांना सांगू कैसे?"

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. "चला."

आम्ही तिघी मेघाच्या घरी गेलो. जाधवकाकांनी बाईंना आदराने बसवलं, चहा मागवला. बाईंनी आडवळण घेतलं नाही. "भाऊसाहेब, हिला मेडिकल नको आहे. मेघा, बोल."

मेघा खाली बघत म्हणाली, "बाबा, मुझसे नहीं होगा. मला जमिनीचं, दगडांचं शिकायचंय. जिऑलॉजी."

काका मेघाकडे बघेनात. ते बाईंकडेच बघत राहिले. "हे तुम्ही पढवलंत तिला. तुमच्या क्लासचा रिझल्ट खराब होईल, म्हणून पोरीला काढताय."

"मी सगळ्यांवर संशय घेते," बाई उठत म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही माझ्यावर घेतलात, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ती आत्ता काय बोलली, ते तुम्ही ऐकलंच नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मेघा क्लासला आली नाही. बाई मुलांना भडकवतात, असं काकांनी गावभर सांगितलं आणि आणखीही काही मुलं गेली. बाई उरलेल्यांना तसंच दरडावून शिकवत राहिल्या. मेघाला दुसऱ्या क्लासला घातलं, पण मेडिकलला नंबर लागला नाही. नाइलाजाने काकांनी तिला बी.एस्सी.ला जाऊ दिलं. आता ती जबलपूरला भूजलाच्या कामात आहे, आणि घरी येते ती फक्त सणाला.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. तेराव्याला जाधवकाका आलेले पाहून मला आश्चर्य वाटलं. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तू तेव्हा तिथेच होतीस. खरं सांग, ते मेघा स्वतः बोलली होती, की बाईंनी शिकवून आणलं होतं?"

"स्वतः बोलली होती, काका. तुमच्या घरी यायच्या आधी बाईंना पण तिनेच सांगितलं होतं."

काकांनी बाईंच्या फोटोकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत मी पोरीला कधी पुसलंच नाही," ते म्हणाले. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी फोन लावला.

"मेघा, कामात आहेस का? नाही, नाही, तबियत ठीक आहे. तू तिकडे नक्की काय काम करतेस, ते जरा सांग."

त्यानंतर ते बराच वेळ फोन कानाला लावून नुसते ऐकत उभे होते.