भागूमायचं देऊळ

आमच्या पंचक्रोशीत ब्रह्मदेवाचं देऊळ कुठंच नव्हतं, आणि तरीही त्या देवळाची पायरीन् पायरी ठाऊक असलेली एक बाई आमच्या गावात राहत होती. भागूमाय तिचं नाव. किन्हवलीकडून मुरबाडच्या अंगाला जे पाडे आणि वाड्या लागतात, त्या सगळ्यांची ती सुईण. कुणाची बायको अडली की घरचा माणूस धापा टाकत तिच्या दारात येई, आणि ही मात्र तव्यावरची भाकरी भाजून, झाकून मगच उठे. त्यानं फारच घाई केली तर म्हणायची, "देव अजून माती मळतोय. तू कशाला पळतोस?"

हा देव म्हणजे ब्रह्मदेव, आणि त्याचं देऊळ माहुली गडाच्या सुळक्यामागं, ढगात. बाईला कळा सुरू झाल्या की भागूमाय तिच्या पाठीशी बसे, कमरेला तेल चोळे आणि त्या देवळाची वाट सांगायला लागे. कळ आली की चढण, कळ ओसरली की सपाटी. चढणीवर तोंडातून शब्द काढायचा नाही, सपाटीवर बसून दम खायचा. मग करवंदीच्या जाळ्या, मग पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, मग सागवानी दार. आत ब्रह्मदेव कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसलेला. त्याच्या चार तोंडांपैकी एकात पान, एक गाणं म्हणतंय, एक बायकोशी भांडतंय आणि चौथं तेवढं कामावर लक्ष ठेवून. काळू नदीच्या मातीचं तो तुझंच लेकरू घडवतोय, असं ती सांगे. त्याला ओरडून मागायचं नाही, तो स्वतःच हात पुढं करील. तेवढ्यात शेवटची कळ येई आणि भागूमाय म्हणे, "आता घे. धर घट्ट."

गावातल्या प्रत्येकाच्या खोडीचं मूळ तिला त्या देवळात सापडायचं. पाटलांचे कान मोठे, कारण ओली मूर्ती उचलताना देवानं त्यांना कानाला धरलं. माझे यजमान दिवसभरात चार शब्द बोलत नसत, कारण त्यांचं तोंड करायच्या वेळेला देव जेवायला उठला होता. पाटलीणबाईंनी एकदा तिला विचारलं, की एवढं मोठं देऊळ, तर तिथं पुजारी कोण? भागूमाय म्हणाली, "ज्याला काम हाय त्याला पूजा करून घ्यायला सवड नाय." पाटलीणबाईंना ते फारसं आवडलं नाही.

मी शहापूरची. लग्न होऊन या गावात आले, आणि वर्षांमागून वर्षं गेली तरी आमच्याकडं पाळणा हलला नाही. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण रीत म्हणजे रीत. धाकट्या जावेच्या पहिल्या बाळंतपणात मला परसात बसवलं. पाचवीच्या पूजेला मी चुलीपाशी, बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावायचा नाही. माझी सावली बाळंतिणीवर पडू नये म्हणून दार ओढून घेत. यजमानांनी दुसरी करावी, असंही लोक सांगून पाहत होते. खरं सांगते, त्या दुसरीची मला तेवढी भीती नव्हती. त्या ओढून घेतलेल्या दाराची मात्र मला भयंकर चीड होती.

जावेच्या दुसऱ्या खेपेला मी पाणी तापवून नेहमीसारखी हंडा उंबऱ्याबाहेर ठेवून परतत होते. भागूमाय आतून म्हणाली, हंडा आत आण. सासूबाई मध्ये पडल्या, तिनं आत यायचं नाही म्हणाल्या. भागूमायनं मान वर करूनही पाहिलं नाही. "मला हिचे हात पायजेत, वैनी. तुमचे कापतात," ती म्हणाली. सासूबाईंचे हात खरोखरच कापायचे, त्यामुळं त्या दारातून बाजूला झाल्या. मी आत गेले, जावेचे खांदे धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या देवळाची वाट अथपासून इतिपर्यंत ऐकली. मुलगा झाला. मी विहिरीवर जाऊन पोटभर रडले.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती भावाच्या घरामागं एका खोपटात राहायची. दारात बसून मोहाची फुलं निवडत होती. मीही निवडू लागले आणि निवडता निवडता विचारलं, की माय, तुझ्या त्या देवळातून जी रिकाम्या हातानं परत येते, तिचं काय होतं? भागूमाय फुलांतला कचरा बाजूला काढत राहिली.

मग हळूहळू बोलली. म्हसा गावाच्या पलीकडं तिचं सासर. नवरा गेल्यावर ती भावाकडं आली, आणि लोकांनी विचारलं तेव्हा एक मुलगी होऊन गेली असं तिनं सांगून टाकलं. मुलगी कधी झालीच नव्हती. लेकुरवाळी नाही हे कळलं असतं, तर तिला कुणी बाळंतिणीच्या उंबऱ्याला उभं केलं नसतं. "मी पण त्या दाराच्या आत नाय गेले गो," ती म्हणाली. "समदं बाहेरून बघितलेलं. मी हाय तवर बोलू नको. मेल्यावर खुशाल सांग, तवा माझं काय जातंय?" एवढं सांगून झाल्यावर मी निवडलेल्या फुलांत माती राहिली म्हणून तिनं मला चांगलंच झापलं.

पुढच्या बाळंतपणाला तिनं मला बरोबर नेलं, आणि त्या दिवशी देऊळ बदललं. सागवानी दाराशी आता एक बाई पाण्याची कळशी घेऊन बसलेली होती. तिच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय देव आत घेत नाही, असं भागूमायनं त्या अडलेल्या पोरीला बजावलं आणि माझ्याकडं बोट केलं. मी तांब्या पुढं केला. ती पोर घोट घोट पाणी प्यायली. हळूहळू बायका स्वतःहून पाणी मागू लागल्या. ज्या घरांत मला हळदीकुंकवाला बोलावत नसत, त्या घरांतूनही निरोप येऊ लागला, की भागूमायला आणा आणि तिच्या पाणीवालीलाही घेऊन या. नाळ कशी बांधायची, आडवं मूल पोटावरून कसं चोळून वळवायचं, हे ती मला शिकवत गेली. शिकवताना तोंडाचा पट्टा चालूच असे. मला ते गोड लागायचं.

पुढं मोठ्या लढाईच्या दिवसांत तिची नजर गेली. मग ती भिंतीला टेकून वाट सांगायची आणि हात माझे चालायचे. एका श्रावणात दोन दिवसांच्या तापानं ती गेली. आईला रडले नव्हते एवढी मी तिला रडले.

दहाव्याला तिच्या भावाच्या अंगणात बायका जमल्या होत्या. आता गावाला सुईण कोण, हा विषय निघालाच. पाटलीणबाई म्हणाल्या, की मुरबाडकडून कुणीतरी आणावी, पण लेकुरवाळी बघून आणावी. जिला स्वतःला झालं नाही तिला दुसरीच्या कळा काय कळणार? भागूमायला स्वतःचा अनुभव होता म्हणून तिचा हात असा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच बसले होते, आणि माझ्याकडं कुणी पाहतही नव्हतं.

मी म्हणाले, "भागूमायला मूल झालं नव्हतं. कधीच नाही. ती माझ्यासारखीच होती."

मेलेल्या माणसाविषयी खोटं बोलू नकोस, असं कुणीतरी म्हणालं. ओटीवर तिचा म्हातारा भाऊ बसला होता. तो म्हणाला, "खरं हाय ते." भागूमायच्या हातून सुटका न झालेली बाई त्या अंगणात क्वचितच असेल. सासूबाई उठल्या, त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि घराकडं चालू लागल्या. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा परस आणि पुन्हा ते ओढलेलं दार.

त्याच आठवड्यात भर दुपारी वरच्या पाड्यावरचा एक गडी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. बायको अडली होती. तो माझ्याकडं पाही, सासूबाईंकडं पाही, आणि विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं. सासूबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात राखेनं घासलेला तांब्या होता. तो त्यांनी त्याच्यासमोर माझ्या हातात दिला.

"बाय चढणीला लागली असंल," त्या मला म्हणाल्या. "तू हितं काय बघत बसलीस?"

मी निघाले. त्या झोपडीत मी पहिल्यांदा एकटीनं ती वाट सांगितली, माहुलीपासून निसरड्या पायऱ्यांपर्यंत. दार आलं तेव्हा ती पोर घाबरली आणि तिनं माझं मनगट धरलं. दाराशी आता दोघीजणी बसलेल्या असतात, पाणीवाली आणि भागूमाय, भिऊ नकोस, असं मी तिला सांगितलं.