तपासणीची ओळ

भाऊ म्हणजे मुलखाचा चिकट माणूस. दोरांवरच्या खेळांचं मैदान उभारायचं ठरलं तेव्हा त्यांनी खर्चाचा असा अंदाज काढला की एक खिळा सुटला नाही. खांब, तारा, कमरेचे पट्टे, हेल्मेटं, विमा, दर दोन वर्षांनी नवे दोर, सगळं आलं. ‘रोजची तपासणी’ या ओळीपुढे मात्र त्यांनी शून्य लिहिलं, कारण बायको म्हणाली होती, "त्याला कशाला पगारी माणूस? मी आहे ना!"

नऊ वर्षं रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी ती शिडीने वर चढायची. प्रत्येक दोर मुठीतून सरकवायची, प्रत्येक गाठ ओढून बघायची. तळहातांना घट्टे पडले होते. भाऊ खालून ओरडायचे, "आटप गं, लोक खोळंबलेत!"

"खोळंबू देत. हातपाय मोडून घरी पाठवायचेत का त्यांना?"

ती गेली त्याला महिना झाला. तेव्हापासून फाटकाला कुलूप होतं. शेवटी मुलीनेच एक जाणता तपासनीस शोधून आणला. तो सकाळभर वर फिरला आणि घाम पुसत खाली आला.

"भाऊ, हे एकट्याच्या आवाक्यातलं नाही. दोन माणसं लागतील. आधी किती जण होते?"

भाऊंनी खर्चाची वही त्याच्यापुढे सरकवली. त्या ओळीपुढे नऊही वर्षं शून्य होतं, त्यांच्याच वळणदार अक्षरात.